‘कुठे?’ या प्रश्नाचे शास्त्र

समजा, एका शहरात पाण्याची नवी उंच टाकी बांधायची आहे. पैसा एकाच टाकीपुरता आहे. ती कुठे बांधावी? नगरसेवक म्हणतील, आमच्या प्रभागात. अभियंता म्हणेल, जागा उंचावर हवी. व्यापारी म्हणतील, बाजारपेठेजवळ. आणि शहराच्या टोकाला नुकतेच घर बांधलेले एखादे शिक्षक म्हणतील की आमच्याकडे चार-चार दिवस नळाला पाणी येत नाही, तेव्हा टाकी इकडेच हवी. गंमत अशी की प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या ठिकाणाहून पाहिले तर खरेच असते. मग निवाडा कसा करायचा?

असे निवाडे करण्यासाठी लागणारी सामग्री तयार करणे हे आज भूगोलशास्त्रज्ञाचे एक महत्त्वाचे काम झाले आहे. भूगोल म्हटला की राजधान्या, नद्या आणि मुख्य पिके पाठ करणे, अशी आपली समजूत असते. परीक्षेपुरती ती ठीक आहे! पण भूगोलाचा मूळ प्रश्न आहे ‘कुठे?’ आणि त्याच्या पाठोपाठ येणारा ‘तिथेच का?’. भौतिकी शिकविणाऱ्याने भूगोलावर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे मिळेल. कारण या प्रश्नांची उत्तरे शोधताना गुरुत्वमध्य, उष्णता, स्थितिज ऊर्जा अशी आमच्याकडची मंडळी वारंवार भेटतात.

नुसती माहिती आणि ठिकाण असलेली माहिती

‘शहरात कावीळ झालेले दोनशे रुग्ण आहेत’ ही नुसती माहिती झाली. यातील प्रत्येक रुग्णाचे घर नकाशावर एकेका ठिपक्याने दाखविले की तिला ठिकाण मिळते आणि ती एकदम बोलू लागते. ठिपके विखुरलेले असतील तर गोष्ट वेगळी. एकाच जलवाहिनीच्या कडेने रांगेत उभे असतील तर गोष्ट अगदीच वेगळी. अशा माहितीला अवकाशीय माहिती म्हणतात. येथे अवकाश म्हणजे ग्रहताऱ्यांचे अंतराळ नव्हे, तर आपल्या पायाखालची जागा. हा शब्द मला फारसा आवडत नाही, पण रूढ झाला आहे. असो.

ठिकाण सांगायचे ते अक्षांश-रेखांशांनी. अकोला साधारण २०.७ अंश उत्तर व ७७.० अंश पूर्व येथे आहे आणि अमरावती २०.९३ अंश उत्तर व ७७.७५ अंश पूर्व येथे. एवढ्यावरून दोन शहरांतील सरळ अंतर तुम्ही वहीत काढू शकता. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच, पण आपल्याकडे १११ गुणिले २१ अंशांची कोज्या, म्हणजे सुमारे १०४ किलोमीटर. तेव्हा पूर्व-पश्चिम अंतर ०.७५ × १०४ = ७८ आणि दक्षिणोत्तर अंतर ०.२३ × १११ = २५.५ किलोमीटर. आता पायथागोरसला बोलवा : उत्तर सुमारे ८२ किलोमीटर येते. रस्त्याने मात्र नव्वदीच्या पुढे जावे लागते. (याच मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून जागतिक विक्रम नोंदविला गेला.) सरळ अंतर आणि चालायचे अंतर यांतील हा फरक लक्षात ठेवा, त्याची पुढे गरज लागेल.

ही अक्षांश-रेखांशांची जाळी आपल्या भागावर बसली ती मोठ्या कष्टाने. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये दक्षिणेत त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली आणि उत्तरेकडे सरकत सरकत ते वऱ्हाडाच्या उंबरठ्याशी आले. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या मोजणीत वऱ्हाडातील टाकळखेडा हे एक मुख्य ठाणे होते. आज खिशातील फोन उपग्रहांच्या मदतीने क्षणात ठिकाण सांगतो, तेव्हा त्या जड कोनमापकांची आठवण कोणाला येणार?

परकोट, नदी आणि रूळ

अमरावती आणि अकोला ही दोन्ही कापसाची गावे, पण त्यांचे आकार वेगळे आहेत आणि ते का वेगळे आहेत हे नकाशा सांगतो. अमरावतीच्या जुन्या गावाला परकोट आहे. अंबागेट, जवाहर गेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे आजही पत्त्यांत वापरतात. मुंबई–नागपूर लोहमार्ग मात्र अमरावतीला न येता दक्षिणेला बडनेऱ्यावरून गेला आणि अमरावतीला फाटा मिळाला. त्यामुळे शहराला दोन टोके तयार झाली. १९८३ मध्ये अमरावती महानगरपालिका झाली तेव्हा बडनेराही तिच्यात आले आणि दोहोंच्या मधली जागा हळूहळू भरू लागली. पूर्वेला पोहऱ्याच्या टेकड्या असल्याने तिकडची वाढ अडते. वडाळी आणि छत्री हे एकेकाळी शहराला पाणी पुरविणारे तलाव त्याच बाजूला आहेत.

अकोल्यात लोहमार्ग गावालाच येऊन भिडला. पण गावाच्या मधून मोर्णा नदी वाहते. जुने शहर तिच्या पश्चिमेला आणि ताजनापेठ, कचेऱ्या, स्थानक पूर्वेला. म्हणजे अकोल्यात ‘जवळ’ या शब्दाचा अर्थ पूल कुठे आहे यावर ठरतो.

पाण्याचा हिशेबही पाहा. अमरावतीला पाणी येते ते मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून. वर्धा ही गोदावरीच्या खोऱ्यातील नदी. तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला जायचे. पण शहरात वापरून झालेले पाणी नाल्यांतून पेढी नदीकडे, तेथून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि अखेर अरबी समुद्राकडे जाते. दोन समुद्रांच्या पाणलोटांमधली रेघ शहराच्या पूर्वेकडील टेकड्यांवरून जाते आणि आपण नळ उघडून ती रोज ओलांडतो! अकोला आपले पाणी महानजवळच्या काटेपूर्णा धरणातून आणते. त्याच्या उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतील सुमारे नऊशे गावे त्यात येतात. तेथे विहीर खणली तरी गोड्या पाण्याची खात्री नाही. तेव्हा ‘तळमजल्याला बोअर करू’ हा उपाय सगळीकडे चालत नाही.

नदी, रस्ते, जलवाहिन्या, घरे, जमिनीचा उतार, विहिरींचे पाणी यांपैकी प्रत्येकाचा नकाशा वेगळ्या पारदर्शक कागदावर काढून ते एकावर एक ठेवले तर कशावर काय येते ते दिसते. संगणकात हेच करणाऱ्या व्यवस्थेला भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात. रॉजर टॉमलिन्सन या भूगोलशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात कॅनडातील जमिनीच्या नोंदींसाठी अशी पहिली मोठी प्रणाली उभारली. आपल्या राज्यात हे काम करणारे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरात आहे.

जवळचे कोणते?

लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाची कथा तुम्ही ऐकली असेल. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस तेथे पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले, ते एका पंपाभोवती दाटले होते, आणि ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला गेला. (तोपर्यंत साथ ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच सांगितले आहे. कथा सांगताना लोक हे गाळतात.) पण या कथेतील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. स्नो यांनी पुढच्या वर्षी केलेल्या नकाशात एक तुटक रेषा आखली. त्या रेषेवरील कोणत्याही बिंदूपासून ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि दुसरा एखादा पंप चालत जायला सारख्याच अंतरावर होते. रेषेच्या आत राहणाऱ्याला ब्रॉड स्ट्रीटचा पंप जवळ, बाहेरच्याला दुसरा. मृत्यू बहुतांशी रेषेच्या आतले होते.

अशी रेषा तुम्ही कंपास आणि पट्टीने काढू शकता. दोन दवाखाने घ्या, त्यांना जोडणारा रेषाखंड काढा, त्याचा लंबदुभाजक काढा. लंबदुभाजकावरील प्रत्येक बिंदू दोन्ही टोकांपासून समान अंतरावर असतो, हे प्रमेय तुम्ही शिकला आहात. तिसरा, चौथा दवाखाना घेऊन हेच केले की शहराचे बहुभुजांत तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याला आपला सर्वांत जवळचा दवाखाना मिळतो. आल्फ्रेड थिसेन या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने १९११ मध्ये पर्जन्यमापकांसाठी ही युक्ती वापरली म्हणून यांना थिसेनचे बहुभुज म्हणतात. आता प्रत्येक बहुभुजातील लोकसंख्या मोजा. कुठे एका दवाखान्यावर पाच हजारांचा भार असेल, कुठे चाळीस हजारांचा. नवा दवाखाना कुठे हवा याचा पहिला अंदाज मिळाला.

पहिलाच, कारण लंबदुभाजक हा कावळ्याच्या उड्डाणाचा हिशेब आहे. अकोल्याच्या जुन्या शहरातील एखाद्या घरापासून मोर्णेपलीकडचा दवाखाना पट्टीने मोजला तर चारशे मीटर भरेल. पुलावरून जाताना तेच अंतर दीड किलोमीटर होईल. स्नो यांनी रेषा आखली ती चालण्याच्या अंतराने, हे त्यांचे मोठेपण. आजचा संगणक रस्त्यांचे जाळे घेऊन हेच करतो. शिवाय पूर आला आणि पूल पाण्याखाली गेला तर कोण कोणापासून तुटेल, हेही काढून देतो. २१ जुलै २०२१ च्या रात्री अकोल्यात अतिवृष्टी होऊन मोर्णेचे पाणी वस्त्यांत शिरले तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहिला नव्हता. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की दहा कोटी लिटर पाणी होते. ते जमिनीत मुरले नाही, तर उताराने कुठेतरी जाणारच.

हद्द बदलली, घनता घसरली

आता एक कोडे. २०११ च्या जनगणनेनुसार अकोला शहराची लोकसंख्या सव्वाचार लाख आणि क्षेत्र सुमारे २८ चौरस किलोमीटर होते. म्हणजे दर चौरस किलोमीटरला पंधरा हजारांहून अधिक माणसे. अमरावतीत साडेसहा लाखांच्या आसपास लोक सुमारे १२२ चौरस किलोमीटरवर, म्हणजे सुमारे ५,३००. यावरून कोणी म्हणेल की अकोला अमरावतीच्या जवळजवळ तिप्पट दाट आहे, तेथील माणसे एकमेकांच्या खांद्यावर बसली आहेत.

२०१६ मध्ये अकोल्याची हद्द वाढली. भोवतालची २४ गावे शहरात आली आणि क्षेत्र सुमारे १२४ चौरस किलोमीटर झाले. २०११ च्याच जनगणनेचे आकडे नव्या हद्दीत बेरीज करून पाहिले तर लोकसंख्या सुमारे ५ लाख ३७ हजार होते. आता भागाकार करा : सुमारे ४,३००. अकोला एका रात्रीत अमरावतीपेक्षा विरळ झाले! एकाही कुटुंबाने घर बदलले नाही, ताजनापेठेतील गल्ली एक वीतभरही रुंद झाली नाही. बदलली ती फक्त कागदावरची रेघ.

भूगोलशास्त्रात हा एक नामांकित पेच आहे. ब्रिटिश भूगोलशास्त्रज्ञ स्टॅन ओपनशॉ यांनी १९७९ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर दाखवून दिले की तीच माहिती निरनिराळ्या हद्दींत गोळा केली तर तिच्यातून हवे ते निष्कर्ष निघू शकतात. हा पेच केवळ पुस्तकातला नाही. माणशी पाणी, दर चौरस किलोमीटरला रस्ते, दहा हजारांमागे दवाखाने अशा सरासऱ्या काढूनच निधी वाटला जातो.

महाराष्ट्रातील याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समिती. ती १९८३ मध्ये नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिने अहवाल दिला. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे हे मोजून ती तूट भरायला लागणाऱ्या रकमेला ‘अनुशेष’ म्हटले गेले. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला, त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के. ‘आमच्यावर अन्याय होतो’ या तक्रारीला प्रथमच जिल्हावार आकडा मिळाला, आणि आकडा मिळाला की तक्रारीला उत्तर द्यावेच लागते. माझ्या मते ही समिती भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात यायला हवी.

पण जिल्हा हे मापही मोठेच आहे. अमरावती जिल्ह्यात मेळघाटातील चिखलदरा आणि धारणी, संत्र्यांचे वरूड-मोर्शी आणि खारपाणपट्ट्यातील दर्यापूर हे सगळे एकत्र नांदतात. त्यांची सरासरी काढणे म्हणजे हत्ती, घोडा आणि शेळी यांची सरासरी उंची काढून त्या मापाचे खोगीर शिवण्यासारखे आहे. त्यातून १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम वेगळा झाला. तेव्हा त्याआधीचा ‘अकोला’ आणि नंतरचा ‘अकोला’ यांची तुलना करताना आधी नकाशा पाहावा लागतो. म्हणून भूगोलशास्त्रज्ञ शक्य तितके लहान एकक मागतो. जनगणनेत एका प्रगणकाकडे साधारण सहा-आठशे लोकवस्तीचा गट असतो, तो मिळाला तर उत्तम. २०२१ ची जनगणना करोनाच्या साथीमुळे लांबली आणि पुढची आता २०२७ साठी जाहीर झाली आहे. मधल्या काळात शहरे थांबली नाहीत. तेव्हा उपग्रहचित्रातील घरांची छपरे मोजून, मजले धरून लोकसंख्येचा अदमास घ्यावा लागतो.

आणि जेथे मोजलेच नाही तेथे? वॉल्डो टोबलर या अमेरिकन भूगोलशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक साधे तत्त्व मांडले : सगळ्याच गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतो, पण जवळच्यांचा दूरच्यांपेक्षा अधिक. या तत्त्वावर दोन विहिरींमधील पाण्याचा अंदाज बांधता येतो. समजा, एक किलोमीटरवरच्या विहिरीत लिटरमागे ६०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि तीन किलोमीटरवरच्या विहिरीत २,२००. जवळच्या विहिरीच्या मताला तिप्पट वजन द्या : (३ × ६०० + २,२००) ÷ ४ = १,०००. अंदाज चांगला आहे, पण खारपाणपट्ट्याची सीमा नेमकी मधून जात असेल तर तो फसेल. तत्त्व कुठे लागू पडत नाही हे माहीत असणे हा शास्त्राचाच भाग आहे.

उन्हाळ्याचा फसवा नकाशा

वऱ्हाडचा उन्हाळा कसा असतो हे मी सांगायला नको. अकोल्यात पारा ४७ अंशांच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्म्यापासून बचावाचा आराखडा केला आणि त्यानंतर अनेक शहरे तसे आराखडे करू लागली. त्यासाठी पहिला प्रश्न : शहरातील सर्वांत तापणारी जागा कोणती?

उपग्रह हे सांगू शकतो. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरण बाहेर टाकते आणि उपग्रहावरील संवेदक ते टिपतात. लँडसॅट–८ हा २०१३ मध्ये सोडलेला उपग्रह दर १६ दिवसांनी त्याच जागेवरून जातो. त्याचे एप्रिल-मे महिन्यांतील चित्र रंगवून पाहिले तर आपण लाल रंग शहरावर शोधतो. काँक्रीट, डांबर, गर्दी, मोटारी, शहरच तापणार! आणि चित्रात पुष्कळदा उलटेच दिसते. भोवतालची शेते लाल आणि शहर त्यामानाने थंड.

उपकरण बिघडले काय? नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये भारतातील अनेक शहरांसाठी हेच दाखविले : उन्हाळ्यात दिवसा शहराचा पृष्ठभाग भोवतालच्या प्रदेशापेक्षा थंड असू शकतो आणि रात्री मात्र शहर अधिक गरम असते. कारण भौतिकीत आहे. कपाशी निघून गेलेली असते, काळी जमीन उघडी आणि कोरडी पडलेली असते. काळा रंग ऊन अधिक शोषतो. पाणी नसल्याने बाष्पीभवनाने थंड होण्याची सोय नाही. कोरड्या, भेगाळलेल्या मातीत हवा भरलेली असल्याने ती उष्णतेची मंद वाहक असते; उष्णता खाली न जाता वरच्या पातळ थरातच साठते आणि तो थर सकाळी साडेदहालाच चटके देऊ लागतो. शहरात थोडी तरी झाडे आणि इमारतींच्या सावल्या असतात, आणि काँक्रीट-विटांच्या भिंती उष्णता आत खोल घेत असल्याने पृष्ठभाग हळू तापतो. रात्री काळी माती आपली उथळ शिल्लक झटपट उधळून गार होते. भिंती मात्र दिवसभराची ठेव रात्रभर परत करीत राहतात. गच्चीवर झोपणाऱ्याला हे उपग्रहाशिवायही ठाऊक असते.

लँडसॅट येतो तो सकाळी साडेदहाच्या सुमारास. त्याच्या एका चित्रावर विसंबून कोणी म्हटले की शहरात उष्म्याचा प्रश्न नाही, तर ते घातक ठरेल. आणखी एक मेख आहे. उपग्रह मोजतो ते पृष्ठभागाचे तापमान. वेधशाळेचा तापमापक सावलीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, हवेचे तापमान मोजतो. आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी झोळीत झोपलेल्या बाळाला लागते ते तापमान या दोन्हींहून निराळे. म्हणून जाणकार भूगोलशास्त्रज्ञ रात्रीची चित्रे मागवितो, पत्र्याच्या छपरांचा थर त्यावर ठेवतो, वृद्ध माणसांच्या संख्येचा थर ठेवतो, पाण्याच्या वेळापत्रकाचाही ठेवतो आणि मग पाणपोई, झाडे, छपरांना पांढरा रंग यांसाठी जागा सुचवितो.

नकाशात नसलेली माणसे

आपल्याकडे अनेक वस्त्या सरकारी नकाशांत केवळ एक रेखांकित डाग म्हणून असतात; आत किती घरे, कोणती गल्ली कुठे जाते, काही नाही. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘शेल्टर असोसिएट्स’ या संस्थेने हे चित्र बदलण्याचा प्रयत्न केला. तिच्या संस्थापकांपैकी प्रतिमा जोशी या वास्तुशिल्पी. २००० च्या सुमारास पुण्यातील झोपडवस्त्यांची घराघरांतून गणना करून ती माहिती भौगोलिक माहिती प्रणालीत घातली गेली आणि पुढे सांगली-मिरजेकडेही असे काम झाले. मलवाहिनी कुठून जाते आणि कोणत्या घरात शौचालय नाही, हे दोन थर एकावर एक ठेवले की घरोघरी शौचालय कुठे लगेच शक्य आहे ते दिसते. संस्था साहित्य देते आणि बांधकाम कुटुंब करते. भूगोलाची पदवी नसलेल्यांनी केलेले हे भूगोलाचे काम आहे.

शहराचा विकास आराखडा १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे होतो. आधी विद्यमान भूवापराचा नकाशा, मग प्रारूप आराखडा. पिवळा रंग रहिवासाचा, निळा व्यापाराचा, जांभळा उद्योगांचा, हिरवा मोकळ्या मैदानांचा. त्यानंतर ठराविक मुदतीत नागरिकांनी हरकती व सूचना द्यायच्या असतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘अमृत’ योजनेत देशातील ५०० शहरांसाठी असे आराखडे भौगोलिक माहिती प्रणालीवर करण्याचे ठरले. त्या यादीत अमरावती आणि अकोला दोन्ही होती. हरकत घेणाऱ्याला नकाशा वाचता येणे किती आवश्यक आहे, हे शिक्षकांच्या लक्षात येईल.

टाकी अखेर कुठे?

एका सरळ रस्त्यावर तीन वस्त्या आहेत असे धरू. ० किलोमीटरवर ६,००० लोक, २ किलोमीटरवर ३,००० आणि ८ किलोमीटरवर १,०००. एक दवाखाना काढायचा आहे. गुरुत्वमध्य काढला तर (६,००० × ० + ३,००० × २ + १,००० × ८) ÷ १०,००० = १.४ किलोमीटर येतो. पण सर्वांच्या चालण्याची बेरीज कमीत कमी व्हावी असे म्हटले तर दवाखाना ० वरच हवा. तेथे बेरीज १४,००० होते, १.४ वर ती १६,८०० होते. करून पाहा. आणि सर्वांत लांबच्या माणसाचे अंतर कमीत कमी हवे असेल तर दवाखाना मध्यावर, ४ किलोमीटरवर; बेरीज ३४,०००, पण चार किलोमीटरांहून अधिक कोणालाच जावे लागत नाही. तीन नियम, तीन उत्तरे. अग्निशामक केंद्रासाठी तिसरा नियम योग्य वाटतो, कारण आग लांबच्या घरासाठी थांबत नाही. भाजीबाजारासाठी दुसरा. कोणता नियम निवडायचा हे गणित सांगत नाही. ते सभागृहात ठरते. मात्र प्रत्येक नियमाची किंमत कोण मोजतो, हे गणित रुपया-आण्यांसारखे स्वच्छ सांगते.

वस्त्या एका रेषेवर नसून शहरभर पसरलेल्या असतील तर दुसऱ्या नियमाचे उत्तर सूत्राने मिळत नाही. पण ते दोऱ्यांनी मिळते! एका प्लायवुडच्या फळीवर आपल्या गावाचा नकाशा चिकटवा. प्रत्येक वस्तीच्या जागी भोक पाडून त्याच्या कडा मेणाने गुळगुळीत करा. प्रत्येक भोकातून एक दोरा खाली सोडा, त्याला दर हजार लोकांमागे १० ग्रॅम याप्रमाणे वजन बांधा, आणि वरची सगळी टोके एका गाठीत एकत्र बांधा. फळी दोन टेबलांवर आडवी ठेवून गाठ सोडून द्या. वजने शक्य तितकी खाली जाऊ पाहतील, कारण प्रत्येक प्रणाली किमान स्थितिज ऊर्जेकडे जाते. दोऱ्यांची लांबी ठरलेली असल्याने वजने खाली जाणे म्हणजेच फळीवरचे दोरे आखूड होणे. गाठ जेथे स्थिरावेल तेथे लोकसंख्या गुणिले अंतर यांची बेरीज किमान असते. घर्षणामुळे थोडी चूक येईल. फळीला हलके हलके टिचक्या मारा. ही युक्ती फ्रेंच गणितज्ञ व्हॅरिन्यां यांच्या नावाने ओळखली जाते.

मग नकाशावर नदी काढा. पलीकडच्या वस्तीची दोरी सरळ आणू नका. पुलाच्या जागी दोन खिळे जवळजवळ ठोकून त्यांमधून ती ओवून घ्या आणि गाठ किती सरकते ते मोजा. त्यानंतर एक नवा पूल ठोका.